दात बघायचे कुणाचे?

जनावरांच्या बाजारात बैलाचं वय मालकाला कुणी विचारत नाही. विचारलं तरी सांगितलेल्या वयावर कुणी विसंबत नाही. गिऱ्हाईक येतं, पाठीवरून आणि वशिंडावरून हात फिरवतं, खूर बघतं, आणि मग खालचा ओठ ओढून दात मोजतं. नुसते दुधाचे दात असतील तर खोंड आदत. मधली जोडी पडून दोन मोठे दात आले की दुसा, म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षांचा. चार आले की चौसा. पुढं सहा, आणि आठही दात पुरे झाले की तो जुळला; पाच वर्षांच्या आसपासचा. त्यानंतर दात झिजत जातात आणि जाणता माणूस झिजेवरून पुढचा हिशेब सांगतो. गाईबैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथं नुसती कडक गादी असते. हे शहरातल्या चांगल्या शिकलेल्या माणसालाही ठाऊक नसतं. आमच्या आटपाडी भागात आठ वर्षांच्या पोराला ते ठाऊक असतं, कारण खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार खोंडांच्या रांगांतून बापाचं बोट धरून ते फिरलेलं असतं.

माणसांचे दातही आमच्याकडे असेच बघितले जायचे, पण एकदाच. मुलगी बघायला पाहुणे आले की पोह्यांच्या बशा ठेवून तिला समोर बसवायचं. नाव काय, शिकलीस किती, स्वयंपाक काय काय येतो, असं विचारायचं. पाहुण्यांतली एखादी पोक्त बाई मुद्दाम काहीतरी बोलून तिला हसवायची. त्या हसवण्यात माया थोडी आणि तपासणी जास्त असायची. दात पुढं आहेत का, किडलेत का, सगळे आहेत का, हे त्या एका हसण्यात बघून घ्यायचं. सोयरीक जमली, मांडव पडला, वरात गेली, की त्या मुलीच्या तोंडात पुन्हा कुणी बघत नसे.

या दोन्ही बघण्यांत एक गोष्ट सारखी आहे. किंमत ठरवायची असली की आपण तोंड उघडून बघतो. किंमत ठरली, व्यवहार झाला, की बैलाची काळजी तरी पुढं चालू राहते, कारण तो उद्या औताला लागणार असतो. बाईनं मात्र आपलं दुखणं आपण सोसायचं असतं. हे सोसणं गुण म्हणून आपल्याला शिकवलं गेलं. दातांच्या निमित्तानं त्या गुणाकडं जरा नीट बघावं, असं मला बरीच वर्षं वाटत आलंय.

माझ्या आजीच्या तोंडात मी कधी दात बघितलाच नाही. मला कळायला लागलं तेव्हा ती साठीच्या आतली होती आणि तोंडाचं बोळकं झालेलं होतं. तिच्या उशाला एक लोखंडी खलबत्ता असायचा. लहानसा, हातात मावेल एवढा. पानसुपारी त्यात कुटायची. शेंगदाणे कुटायची. पौष-माघात हुरडा भाजला की आम्ही पोरं आगटीभोवती बसून गरम कणसं हातावर मळून तोंडात टाकायचो, आणि आजी आपल्या वाट्याचे दाणे त्या खलबत्त्यात घालून ठेचत बसायची. भाकरी तिला आमटीत बुडवून, कुस्करून, काला करून लागायची. भाकरीचा पापुद्रा मोडतानाचा आवाज तिला फार आवडायचा. ती तो आमच्याकडून काढून घ्यायची. ‘मोड रं जरा कडाकडा,’ म्हणायची.

दातांचं काय झालं विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं. ‘दाताचं काय घिऊन बसलायस? बहात्तरच्या दुष्काळात मानसं दगूड फोडत हुती.’ ते खरंच होतं. 1972 च्या दुष्काळात ती कामावर खडी फोडायला होती. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खाऊन तिनं पाच पोरं जगवली. त्या काळात एकेक दाढ हलायला लागली की ती जिभेनं ढकलत ढकलत आपणच काढायची, नाहीतर गावातला न्हावी चिमट्यानं उपटायचा. दाताचा डॉक्टर नावाचा माणूस असतो हेच तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक असता तरी तो सांगली-मिरजेकडं, आणि हिच्याजवळ यष्टीच्या तिकिटाचे पैसे नाहीत. अशा बाईनं दुखणं अंगावर काढलं तर त्यात मला शहाणपण दिसतं. ज्यावर इलाजच नाही त्याच्याशी भांडून जीव कशाला आटवायचा? तिनं दुखण्याला आपल्यापेक्षा लहान करून टाकलं होतं. तिच्या सोसण्यापुढं मी आजही हात जोडतो.

पण दातदुखी ही लहान चीज नाही. ज्याला झालीय त्याला विचारा. ताप आला तर माणूस झोपतो, पाय मोडला तर चार माणसं विचारायला येतात. दाढ दुखायला लागली की दिवस कसातरी जातो, रात्र जात नाही. आडवं झालं की ठणका वाढतो. गार पाणी लागलं तर मस्तकात कळ जाते. बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळं घरातल्यांना ते खरं वाटत नाही. सकाळी भाकरी थापायला उठावंच लागतं.

त्यावर घरोघरी उपाय असायचे. लवंग दाताखाली धरायची. हिंगाचा खडा पोकळीत बसवायचा. मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करायच्या. आणि फारच झालं तर भुईरिंगणीच्या बियांची धुरी घ्यायची. निखाऱ्यावर बिया टाकायच्या, वर नळी धरून धूर तोंडात घ्यायचा, तोंड पाण्याच्या परातीवर धरायचं. थोड्या वेळानं परातीत पांढरे बारीक तंतू तरंगताना दिसायचे. ‘ही बघा कीड पडली,’ म्हणायचे. ते तंतू बियांतलेच असायचे. दातात कीड नसतेच. आपण ‘दाताला कीड लागली’ म्हणतो म्हणून आपल्या डोळ्यासमोर जोंधळ्यातल्या सोंड्यासारखा एखादा किडा येतो, एवढंच.

खरं काय होतं ते समजून घेतलं की पुढचा विचार सोपा जातो. दाताचं वरचं कवच हे आपल्या शरीरातला सगळ्यांत कठीण भाग, हाडाहूनही कठीण. पण त्यात एक खोट आहे. हाड मोडलं तर सांधतं, कातडी फाटली तर भरून येते. दाताच्या कवचात जिवंत पेशी नसतात. तिथं एकदा खड्डा पडला की तो आपणहून बुजत नाही. तोंडातले जिवाणू दातांना चिकटलेल्या साखर-पिठावर जगतात आणि आम्ल सोडतात. गोड खाल्लं की अर्धा तासभर ते आम्ल कवच झिजवत असतं. मग लाळ हळूहळू ती झीज भरून काढते. म्हणून एकदाच बसून चार लाडू खाणाऱ्यापेक्षा दिवसभर एकेक गोळी चघळणाऱ्याचे दात लवकर जातात. लाळेला सवडच मिळत नाही. सुरुवातीला दातावर नुसता खडूसारखा पांढरा डाग दिसतो. तेवढ्यावर लक्ष गेलं, घासणं सुधारलं, फ्लोराइडची पेस्ट लावली, तर मामला मागं फिरतो. पुढं खड्डा पडतो. तेव्हा सिमेंट-चांदी भरून भागतं. आणखी पुढं आतल्या नसेपर्यंत गेलं की ठणका सुरू होतो.

आणि मग एक दिवस ठणका थांबतो. इथंच माणूस फसतो. नस मेलेली असते, म्हणून कळत नाही. खाली मुळाशी पू साठत असतो. ‘माझी दाढ आपोआप बरी झाली’ असं सांगणारी कितीतरी माणसं मला भेटलीत. सहा महिन्यांनी त्यांचा गाल सुजलेला असतो. दुखायचं थांबणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे दातांबद्दल खरं आहे, आणि घरातल्या गप्प राहणाऱ्या माणसांबद्दलही.

माझी आई अशी गप्प झाली होती. बहात्तरच्याच साली लग्न होऊन ती या घरात आली. तिसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या दाढा दुखायला लागल्या. त्यावर शेजारच्या बायकांनी तिला मिसरी दिली. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, बारीक करायची, डबीत भरून ठेवायची. सकाळी चूल पेटवायच्या आधी बोटानं हिरड्यांवर फिरवायची. तंबाखूनं हिरडी बधिर होते, ठणका दबतो. भूकही मरते, हा दुसरा फायदा. सकाळी लावली की न्याहारीची आठवण दहापर्यंत येत नाही. मग दुपारी एकदा, रात्री एकदा. वर्षभरात ती तिच्या अंगवळणी पडली, कारण निकोटिन कुणाला सोडत नाही, मग ते विडीतून येवो की मिसरीतून. हिरड्या दातांपासून मागं सरकायला लागल्या. मिसरीनं तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतो, गरोदर बाईनं लावली तर बाळ वजनानं कमी भरू शकतं, हे आज आरोग्याच्या ताई वस्तीवर येऊन सांगतात. 1992 साली केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. तो कायदा कारखान्याला लागू झाला. घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूपर्यंत तो कसा पोचणार?

पारावर बसलेली माणसं विडी ओढत म्हणायची, ‘बायकांनीबी येसनं करायला सुरवात केली.’ त्यांच्या बोलण्यात व्यसन तेवढं आलं. त्यामागची दाढ आली नाही. बाईनं मिसरी कशासाठी लावली, हे विचारल्याशिवाय ती सोड म्हणण्याला फारसा अर्थ नसतो. मी पुढं शिक्षक झालो, व्यसनमुक्तीच्या फेऱ्या काढल्या, पोरांच्या हातात फलक दिले. फेरीमागून चालणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं मला विचारलं होतं, ‘गुरुजी, सोडती की. पर दाढंचं काय करू त्ये सांगा.’ फलकावर तिचा प्रश्न कुठंच नव्हता.

आईच्या दाढेचं प्रकरण 1986 साली निकराला आलं. मी पाचवीत होतो. गाल सुजला, डोळा बारीक झाला, तेव्हा आमचे नाना तिला घेऊन विट्याला गेले. सोबत मीही. तिथल्या दाताच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सरळ सांगितलं, की दोन मार्ग आहेत. एक दाढ आजच्या आज काढून मोकळं व्हायचं. दुसरा, नस साफ करून ती वाचवायची. त्यासाठी सांगलीला तीन-चार खेपा कराव्या लागतील, वर टोपी बसवावी लागेल, खर्च येईल. दोन दाढा अशा वाचण्यासारख्या होत्या. नाना काही बोलायच्या आत आई म्हणाली, ‘काढून टाका.’ त्या महिन्यात पौषी यात्रा होती. आमच्या जोडीतला एक बैल त्याच पावसाळ्यात मेला होता आणि नानांनी सोसायटीचं कर्ज काढून दुसऱ्याचे पैसे जमवले होते. आईला त्यातला रुपया न् रुपया पाठ होता.

त्या दिवशी एक दाढ निघाली. पुढच्या दहा वर्षांत बाकीच्या निघत गेल्या. यात्रेत आलेला बैल मात्र चांगला निघाला. चौसा होता, नानांनी स्वतः ओठ ओढून दात मोजले होते. त्या बैलावर आमचं घर आठ-नऊ वर्षं चाललं. मी शिकलो तेही त्याच्या कष्टावर. त्यामुळं बैल घ्यायला नको होता असं म्हणण्याचं धाडस माझ्यात नाही. कोरडवाहू माणसाचा बैल हा त्याचा हातच असतो.

तरी एक प्रश्न उरतोच. दाढ काढायचं कुणी ठरवलं? वरवर बघितलं तर आईनंच. नानांनी जबरदस्ती केली नाही. ते भले माणूस. तिनं वाचवा म्हटलं असतं तर त्यांनी कुठूनतरी पैसे आणले असते. म्हणजे तिनं आपल्या खुशीनं ठरवलं, इतर कुणी बोलायचं काम नाही, असं म्हणून हे मिटवता येतं. आमच्याकडं बहुतेक असंच मिटवलं जातं. ‘आमच्या आईला काही लागतच नाही.’ ‘आमची वहिनी स्वतःसाठी एक पैसा खर्चू देत नाही.’ हे आपण कौतुकानं सांगतो.

पण ज्या माणसाला लहानपणापासून शेवटी जेवायला शिकवलंय, त्याला ‘तुला काय हवं?’ विचारलं तर ‘काही नको’ हेच उत्तर येणार. ते उत्तर त्याचं आहे, हे खरं. ते मोकळ्या मनानं दिलेलं आहे का, हे मात्र त्या उत्तरावरून कळत नाही. आई ‘काढून टाका’ म्हणाली तेव्हा तिच्यापुढं दोन मार्ग नव्हतेच. डॉक्टरांपुढं दोन होते. तिच्या डोक्यात बैलाची किंमत होती, आमच्या वह्या-पुस्तकांचे पैसे होते, नणंदेचं बाळंतपण होतं. या सगळ्यांच्या खाली, सगळ्यांत तळाशी, तिची दाढ होती. तिला तळाशी ठेवणारा कुणी एक माणूस दाखवता येत नाही. घराची घडीच तशी बसलेली असते. म्हणून तर ती मोडणं अवघड जातं.

इथं आजी आणि आई यांच्यात मला फरक करावासा वाटतो. दोघीही सोसणाऱ्याच. पण आजीच्या वेळी इलाज नव्हता. इलाज नसताना सोसणं हा धीर आहे. आईच्या वेळी इलाज होता. दूर होता, महाग होता, पण होता. इलाज असताना कुणी सोसत असेल, तर त्याच्या सोसण्यातून कुणाचे तरी पैसे वाचत असतात. तेव्हा त्या सोसण्याला गुण म्हणायच्या आधी, वाचलेले पैसे कुठं गेले ते विचारावं. पैसे चांगल्या कामाला गेले असतील, आमच्या घरात गेलेच. तरी हिशेबात ते ‘आईच्या दाढेतून’ असं लिहिलेलं पाहिजे. आम्ही कुठंच लिहिलं नाही, कुणीच लिहीत नाही. उसन्या घेतलेल्या पैशाची आपण वहीत नोंद ठेवतो. सोसण्यातून घेतलेल्याची नसते.

आता ‘काढून टाक’ हा मार्ग स्वस्त असतो का, तेही बघू. शेतकऱ्याला हे दाताच्या डॉक्टरपेक्षा मी बांधाच्या उदाहरणानं चांगलं सांगू शकेन. बांधाला उंदरानं बीळ पाडलं तर मृगाच्या आधी चार पाट्या माती टाकून भागतं. ते राहिलं तर पहिल्या मोठ्या पाण्यानं भगदाड पडतं. भगदाड राहिलं तर पुढच्या साली आख्खा ताल वाहून जातो, वरची माती खालच्याच्या रानात. दात असाच. एक दाढ काढली की तिच्या दोन्ही बाजूंच्या दाढा मोकळ्या जागेत कलायला लागतात. समोरच्या जबड्यातली दाढ आधार सुटल्यासारखी लांबत येते. फटी पडतात, फटीत घास अडकतो, तिथं नवी पोकळी होते. माणूस मग एकाच बाजूनं चावतो, ती बाजूही लवकर थकते. एक दाढ काढून मोकळं होऊ म्हणणारा पुढं पाच दाढांना मोकळा करून बसतो. गरिबाला दरवेळी आजचं स्वस्त घ्यावं लागतं आणि सगळं मिळून तेच महाग पडतं.

म्हणून खरा इलाज बिळाच्या वेळचा. आणि तो वेळ पोराच्या सहाव्या वर्षी असतो. ही गोष्ट मी शाळेत पालकांना दरवर्षी सांगतो, तरी ती नवीच वाटते. दुधाचे दात वीस. ते पडतात, आमच्याकडं ते उंदराच्या बिळात टाकायचे, ‘तुझे दात मला दे’ म्हणायचं, आणि नवे यायची वाट बघायची. त्यामुळं सगळ्यांचा समज असा, की लहानपणी किडलेला दात पडणारच आहे, काळजी कशाला. पण सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दातांच्या मागं, वर दोन आणि खाली दोन, अशा चार मोठ्या दाढा येतात. त्यांच्या जागी आधी काही नसतं, त्यामुळं काही पडत नाही, आणि त्या आल्याचं कुणाला कळत नाही. त्या दाढा कायमच्या असतात. त्याच पोराला साठ-सत्तर वर्षं पुरायला हव्या असतात. पहिली-दुसरीतल्या पोरांच्या तोंडात बॅटरी मारून बघितली तर त्यांतल्या कितीतरी काळ्या पडलेल्या दिसतात. पोराला त्या वयात काही कळत नाही. त्याच्या म्हातारपणीच्या भाकरीचा निकाल आपण त्याला न विचारता लावत असतो.

मग दोष कुणाचा? ‘दात घासत नाहीस म्हणून किडले,’ असं पोराला रागावणं सोपं. पूर्वी किड्याचा दोष होता, आता पोराचा. पण वस्तीवरच्या टपरीत रुपयाची गोळी आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा सकाळी सहाला मिळतो. रानात जाणारी आई रडणाऱ्या पोराच्या हातात रुपया ठेवते, कारण तिला उसाच्या सरीला वेळेवर पोचायचं असतं. टपरीवाल्याला त्याचं घर चालवायचं असतं. सगळ्यांची कारणं खरी. एवढी कारणं खरी असताना एकट्या पोराच्या आळसावर सगळं ढकलणं अन्यायाचं आहे, आणि ‘परिस्थितीच तशी’ म्हणून सगळ्यांना सोडून देणंही खोटं आहे. ज्याच्या हातात जेवढं आहे तेवढं त्याचं काम. आईच्या हातात रात्रीचं घासणं आहे. मास्तरच्या हातात बॅटरी आहे. गावाच्या हातात शाळेच्या फाटकासमोर काय विकायचं ते ठरवणं आहे.

रात्रीचं घासणं मी मुद्दाम म्हटलं. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळं रात्री अडकून राहिलेला घास सगळ्यांत जास्त नासधूस करतो. आपण मात्र सकाळी देवपूजेसारखे दात घासतो आणि रात्री जेवून तसेच आडवे होतो. यात नवं काही नाही. चरकसंहितेतसुद्धा दातवण दिवसातून दोनदा करावं आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये असं सांगितलेलं आहे. करंज, रुई, अर्जुन अशी झाडंही तिथं दिलीत. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी चावून तिचा कुंचला केला आणि हळू हातानं फिरवला तर ती आजही वाईट नाही. गोवरीची राख, विटेची पूड, जाडं मीठ यांनी खसाखसा घासणं मात्र दात उजळ करत नाही, कवच झिजवतं. भांडं घासल्यासारखं दात घासायचे नसतात.

आई त्रेसष्टीची झाली तेव्हा तिच्या तोंडात खालचे चार दात उरले होते. कवळी बसवायचा विषय मी काढला. घरात दोन मतं पडली. भाऊ गलाईच्या धंद्यात परराज्यात असतो. फोनवरून म्हणाला, ‘दादा, पैशाचं बघू नको.’ चुलते म्हणाले, ‘आता ह्या वयात कशाला? किती दिस ऱ्हायल्यात?’ ते वाईट हेतूनं बोलले नाहीत. आईही तेच म्हणत होती. म्हाताऱ्या माणसावर किती खर्च करावा हा प्रश्न कष्टकरी घरात खोटा नसतो. पण तो प्रश्न नेहमी उरलेल्या दिवसांच्या आकड्यावर येऊन थांबतो, तिथं मला अडचण वाटते. जनावराचं असंच असतं: दात झिजले, उरलेलं काम किती, त्यावर किंमत. आईकडून आता कसलंच काम घ्यायचं नव्हतं. तिला फक्त जेवायचं होतं. उरलेले दिवस कमी असतील तर त्यातली जेवणंही कमीच. मग ती तरी तिला गोड लागू देत, असा हिशेब आम्ही केला.

सांगलीजवळच्या एका दंत महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली, त्यांच्या सरांच्या देखरेखीखाली, कमी पैशात कवळ्या करून देतात. पाच खेपा झाल्या. माप, मेणाचा साचा, चावण्याची उंची, पुन्हा बघणं, मग कवळी. एक डॉक्टर मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची, दरवेळी आईची हनुवटी धरून म्हणायची, ‘आजी, आ करा बरं.’ आणि बराच वेळ बघत राहायची. आई परतीच्या गाडीत म्हणाली, ‘पोरगी लई निरखून बघती रं. मला लाजल्यागत हुतंय.’

कवळीनं चमत्कार झाला नाही, हेही सांगितलं पाहिजे. ती टोचली, घासायला लागली, दोनदा जाऊन तासून आणावी लागली. स्वतःच्या दाढेचं बळ तिला येत नाही. कडक भाकरी अजून आमटीतच जाते. रात्री ती पाण्याच्या भांड्यात काढून ठेवावी लागते. पण आई भाजलेले शेंगदाणे खाते, हळूहळू, दोन्ही बाजूंनी. आणि एक गोष्ट आमच्या कुणाच्या लक्षात नव्हती. आई हसताना पदर तोंडाला लावायची. आम्ही समजायचो ती लाजते, जुन्या वळणाची बाई आहे. कवळी बसल्यावर महिन्याभरात पदर खाली आला. ती मर्यादा नव्हती, पडलेले दात होते.

तेव्हापासून मी बायकांचे पदर बघतो. लग्नात, बचत गटाच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत. तिशीतल्या बाया तोंडावर हात धरून हसतात. त्यांच्या घरी मोटारसायकल आहे, मोबाईल आहे, दोघींच्या घरी तर ट्रॅक्टर आहे. तालुक्याच्या गावाला दाताचा दवाखाना आहे. आजीला नव्हतं ते सगळं आहे. तरी दाढ दुखली तर मिसरीची डबी आधी हाताशी येते.

इलाज मोठा नाही. रात्रीची जेवणं झाली, भांडी आवरली, की घरातल्या मोठ्या माणसानं महिन्यातून एकदा सगळ्यांना विचारावं, कुणाची दाढ दुखतीय का. पोरं लगेच सांगतील. म्हातारी माणसं थोडी आडून सांगतील. घरातली बाई ‘न्हाय बाई, मला काय झालंय’ म्हणेल आणि उठून आत जाईल. तिला परत बोलवावं. बॅटरी आणावी, आणि ‘आ कर’ म्हणावं.